व्हँकुव्हरची सोडलेली जागा

मुक्ताने ‘विथड्रॉ’चं बटण दाबलं, ते मी पाहिलेलं नाही, त्या वेळी मी विद्यापीठात संख्याशास्त्राचा तास घेत होते. बाकीचं मात्र माझ्यासमोर घडलं. आमच्या कॅनडातल्या ब्रॅम्पटनच्या मराठी मंडळींत एखादी मुलगी डॉक्टर व्हायला निघाली, की किस्से ड्राइव्हवेवरच्या बर्फासारखे साचतात. एक शोव्हलने उपसावा, तोवर दुसरा हजर!

मुक्ता माझ्या धाकट्या बहिणीची, सुनंदाची मुलगी. तिला लहान गावात डॉक्टर व्हायचं होतं, म्हणून उत्तरेकडच्या एका छोट्या मेडिकल कॉलेजची ऑफर तिने स्वीकारली. दोन अर्ज मात्र अजून जिवंत होते. व्हँकुव्हरची ऑफर आली होती, तिला उत्तर द्यायची मुदत अजून संपली नव्हती; आणि टोरोंटोला नाव वेटिंग लिस्टवर होतं.

*

सुनंदाची सक्त ताकीद होती, की कॉलेजांची नावं घराबाहेर जाता कामा नयेत. दृष्ट लागते म्हणे!

“याला पुरावा?” मी विचारलं.

“ताई, मीठमोहरीला पुरावा लागत नाही!”

तिची मैत्रीण स्मिता याच पंथाची. तिच्या मुलीने, तन्वीनेही, त्याच वर्षी मेडिकलला अप्लाय केलं होतं; कुठे, ते गुपित. दोघी मैत्रिणी दर शनिवारी तासन्‌तास बोलत आणि एकमेकींना काहीही सांगत नसत.

*

मुक्ताचे वडील, श्रीकांतराव, म्हणाले, “उत्तर द्यायची घाई नको. ऑप्शन्स ओपन ठेवावेत.”

“बाबा, सीरियसली? आईशी लग्न ठरल्यावर तुम्ही बाकीच्या मुलींना काय कळवलं होतं?”

सुनंदा झारा हातात घेऊन बाहेर आली. “हो, हे मलाही ऐकायचंय!”

*

स्मिताकडे पॉटलक होतं, प्रत्येकीने एकेक पदार्थ आणायचा; तिथे हाच विषय निघाला. नावं न घेता, अर्थात.

“अगं, शेवटच्या दिवसापर्यंत एकही सोडू नकोस!” स्मिताने बजावलं. “दुसऱ्याची सोय आपण का बघायची?”

“काकू, तिकडे वेटिंगवरचं कोणीतरी फोन उशाशी घेऊन झोपत असेल,” मुक्ता म्हणाली.

“झोपू दे! आपली कोण लागते ती?”

सोफ्यावर तन्वी बसली होती. तिने हातातल्या फोनवरून मान वर केली नाही.

*

त्यानंतर मंडळाचं नाटक होतं, हायस्कूलच्या हॉलमध्ये. स्मिताने पहिली रांग विंटर जॅकेटं टाकून धरली होती, आणि आजी-आजोबा भिंतीला टेकून उभे होते. मुक्ताने सगळी जॅकेटं गोळा केली, स्टेजच्या कडेला ठेवली आणि ज्येष्ठांना बसवलं.

“कोणी उचलली?” स्मिता कडाडली.

“मी उचलली. जॅकेटांना नाटक कळत नाही, काकू.”

*

दुसऱ्याच दिवशी तिने दोन्ही अर्ज मागे घेतले, कोणालाही न विचारता. श्रीकांतरावांनी लेकीशी बोलणं टाकलं आणि मला फोन केला.

“ताई, तुम्ही शिकवता, तुमचं ती ऐकेल. समजवा तिला.”

मी गेले आणि बराच वेळ बोलले. परत येऊन त्यांना कळवलं, “आमच्यापैकी एकीला समजलं. मला!”

*

पुढच्या आठवड्यात स्मिता पेढे घेऊन आली. मीही तिथे होते.

“तन्वीला मिळालं! व्हँकुव्हर!”

ते नाव तिने पहिल्यांदाच उच्चारलं होतं. सुनंदाच्या हातातली ताटली जागच्या जागी थांबली.

“वेटिंगवर होती गं. रोज फोन उशाशी घेऊन झोपायची. आणि अचानक जागा निघाली! कोणीतरी सोडली असणार. व्हँकुव्हर कोणी सोडतं का? वेडीच असेल!”

“असेल,” मुक्ता म्हणाली, आणि तिने पेढा उचलला.

इतके दिवस तिच्याशी अबोला धरलेल्या श्रीकांतरावांनी पेढ्यांचा बॉक्स तिच्याकडे सरकवला.

“अजून एक घे.”

तन्वीला मिळालेली जागा कोणाची, हे मी कॉलेजला ईमेल करून विचारलं. उत्तर आलं, की असं ते कोणालाही सांगत नाहीत.