खाडीतला नारळ

नॅरोबोट ही खाडीत न्यायची वस्तूच नव्हे. हे मी पहिल्यापासून सांगत होते, पण आमच्या घरात माझं ऐकतंय कोण! लांबलचक, चाळीतल्या बोळाएवढी रुंद, सपाट बुडाची ही लोखंडी बोट. कालव्याच्या थांबलेल्या पाण्यासाठी केलेली. माझ्या पुणेरी नवऱ्यानं ती लॉकडाऊनमध्ये घेतली. वर्क फ्रॉम होमच करायचंय तर होम कुठंही असू दे, असं त्याचं तर्कशास्त्र. दोन हजार एकवीसमध्ये मला आयर्लंडमध्येच, खाली वॉटरफर्डला औषधांच्या कारखान्यात नोकरी लागली, तर म्हणाला, "बेस्ट! घरच घेऊन जाऊ." कालव्यातून बॅरो नदीत, नदीतून सेंट मलिन्सपर्यंत आणि तिथून पुढे, जिथं समुद्राची भरती-ओहोटी आत शिरते, त्या खाडीतून खाली. त्यानं हे असं सांगितलं की जणू डेक्कनवरून कोथरूडला जायचंय.

आमच्याबरोबर आई होती, माझी आई, कोल्हापूरची. वीसच्या फेब्रुवारीत सहा महिन्यांसाठी म्हणून आली आणि अडकली. बाबा तिकडं एकटे. विमानं थोडीफार सुरू झाली तरी बाबाच फोनवर म्हणायचे, "तिथंच थांब गं, इकडं लई वाईट आहे. निवळलं की ये." निवळलं नाही. एकवीसच्या एप्रिलमध्ये बाबा कोविडनं गेले. नवरा, आई आणि मी, आम्ही तिघांनी त्यांचे अंत्यसंस्कार बोटीच्या त्या बोळात लॅपटॉपवर पाहिले. आई रडली नाही. त्यानंतर ती कमी बोलायची, एवढंच. स्वयंपाक करायची, पोथी वाचायची. मी मनात म्हणायचे, चला, सावरतेय बिचारी.

खाडीतून न्यायला आम्ही एका म्हाताऱ्या आयरिश माणसाला बोलावलं. बोट त्याच्याकडूनच घेतलेली. आईनं त्याला पहिल्याच दिवशी 'मामा' करून टाकलं. ती त्याच्याशी मराठीत बोलायची, तो तिच्याशी इंग्रजीत, आणि दोघांचं छान चालायचं. निघायच्या आधी मामानं आम्हाला बजावलं, "खाली जुना रेल्वेचा पूल आहे. त्याच्या खांबांमधून ओहोटी जोरात खेचते. इंजिन चालू असेल तर सगळं ग्रँड. पण ही बोट आडवी होऊन खांबाला लागली, तर पाणीच तिला पालथी करतं." मी आईकडं पाहिलं. तिला पोहता येत नव्हतं. सुती साडीवर फुगीर लाइफ जॅकेट घालून ती पुढच्या डेकवर स्टुलावर बसली होती, आणि मला एकदम भीती वाटली.

शेवटच्या लॉकपाशी, म्हणजे नदीचं पाणी अडवणाऱ्या त्या दारांपाशी, भरती पूर्ण चढायची वाट बघत थांबलो होतो. आई माझ्याजवळ आली. "अगं, नदीतून खाडीत उतरायचं तर नदीची ओटी भरायला पाहिजे. तू सवाष्ण आहेस, तू भर. मी नारळ आणलाय."

"आई, इथं नदीत काही टाकायचं नसतं. दंड करतात."

"पंचगंगेत टाकतोच की आपण."

"म्हणून तर पंचगंगेची काय दशा झालीय बघ!"

ती मागं गेली, भांड्यांच्या प्रेसपाशी काहीतरी खुडबुड करत राहिली. (कपाटाला प्रेस म्हणायची सवय मला कधी लागली, मलाच ठाऊक नाही.) विषय संपला असं मी समजले.

लॉकची दारं उघडली आणि आम्ही बाहेर पडलो. सुरुवातीला फार सुंदर होतं. दोन्ही काठांना झाडी, पाणी चहासारखं, वर बगळे. नवरा फोटो काढत सुटलेला. मग हळूहळू ओहोटी लागली. कालव्यात दीड वर्ष राहून मी विसरूनच गेले होते की पाण्याला स्वतःचं मन असतं. काठ भराभर मागं जायला लागले. काठाचा काळा चिखल उघडा पडत चालला. लांबवर रेल्वेचा तो पूल दिसायला लागला, तेव्हा आई डेकवरून उठून आत गेली, बोटीतून चालत मागं आली, मामाच्या शेजारी उभी राहिली, आणि थोड्या वेळानं परत पुढं जाऊन बसली. मला वाटलं, मामाशी गप्पा मारायला गेली असेल.

आणि इंजिन बंद पडलं.

खोकून-बिकून नाही. एक दणका बसला, आणि बंद. मामानं परत चालू केलं, गिअर टाकला, पुन्हा बंद. एवढी शांतता की मला पुलाच्या खांबांवर आपटणारं पाणी ऐकू आलं. बोट सावकाश आडवी व्हायला लागली. मामा ओरडला, "नांगर!" नवरा पुढं धावला, मोबाइल पडला, पाय दोरात अडकला, पण पठ्ठ्यानं नांगर टाकला. तो चिखलात धरेना. नुसता ओढत येत होता.

तेवढ्यात मला बोटीच्या बाजूला पाण्यात काहीतरी तपकिरी दिसलं. आमच्याबरोबरच वाहत होतं, आमच्याच वेगानं, अगदी शिस्तीत. नारळ! आयर्लंडच्या खाडीत, शेंडीला कुंकू लावलेला नारळ! मी आईकडं पाहिलं. ती त्याच्याकडं बघून हात जोडून बसली होती.

"आई! काय टाकलंस तू?"

मामानं मागची फळी उचलली. खाली बोट ढकलणाऱ्या पंख्याच्या बरोबर वर एक झाकण असतं, ते उघडून हात घालता येतो. त्यानं खांद्यापर्यंत हात पाण्यात घातला, त्याचा चेहरा बदलला, आणि म्हणाला, "सुरी. ब्रेड कापायची." मी आतून सुरी आणली. तो कापत होता आणि मी ओढत होते. हिरवं कापड. हिरवं, आणखी हिरवं, काठाला जरीची पट्टी. माझे हात तिथंच थांबले. ती आईची इरकल होती. डब्लिनच्या विमानतळावर उतरली तेव्हा हीच नेसली होती. साडी-चोळीची ओटी भरली होती बाईनं, अख्खी साडी! पंख्यानं ती दोरासारखी पिळून गुंडाळून घेतली होती.

"ओढ!" मामा खेकसला. मी ओढली. पूल आता इतका जवळ होता की खांबावरचं शेवाळ दिसत होतं. नवरा पुढून काहीतरी ओरडत होता, त्यानं आईला एका हातानं जॅकेटला धरून ठेवलं होतं. शेवटचा तुकडा निघाला, मामानं झाकण दाबून बसवलं, इंजिन लागलं. दोरासकट नांगर नवऱ्यानं सरळ सोडून दिला. बोटीचं मागचं टोक खांबाला घासलं. लोखंडाचा जो आवाज झाला, तो अजून माझ्या दातांत आहे. पण आम्ही पुलाखालून निघालो. सरळ निघालो.

न्यू रॉस गावाच्या धक्क्याला बोट बांधली. मामा काठावर बसून सिगारेट ओढत होता. नवऱ्यानं चहा टाकला. आणि मी आईवर तुटून पडले. भीती गेली की मला राग येतो, माझा स्वभावच तो.

"खुळी आहेस का तू? कळतंय का काय झालं असतं? पालथी झाली असती बोट! चौघंच्या चौघं गेलो असतो! मी नाही म्हणाले होते ना? मग एवढं काय अडलं होतं तुझं ओटीवाचून?"

ती साडीच्या ओल्या चिंध्या मांडीवर घेऊन बसली होती. त्यांच्या घड्या घालत होती. चिंध्यांच्या घड्या!

"मला ओटी भरता येत नाही आता, ठाऊक आहे मला," ती म्हणाली. "पण तू भरत नव्हतीस. कुणीतरी भरायला पाहिजे होती."

"का पण? नसती भरली तर काय झालं असतं?"

तिनं वर पाहिलं. इतकी चकित होऊन की जणू हे मला कळत कसं नाही.

"गेल्या साली वटपौर्णिमेला तू म्हणालीस, इथं वड नसतो. एक वर्ष नाही केलंस तर काय आभाळ कोसळतंय? मला पटलं. मी सोडून दिलं. लग्न झाल्यापासून पहिल्यांदा." तिनं एक घडी हातानं सारखी केली. "आणि तुझे बाबा गेले की गं."

मला ते आठवतही नव्हतं. मी कॉलवर होते, हेडफोन लावलेले होते, असंच काहीतरी बोलून गेले असणार. आणि ही बाई एप्रिलपासून माझ्या शेजारी झोपत होती, मला वाढत होती, आणि हे मनात धरून बसली होती. आपण नवऱ्याला मारलं, असं.

"आई, तो व्हायरस होता गं," मी म्हणाले. ते मलाच पोकळ वाटलं.

"असेल," ती म्हणाली. "पण आता तुम्ही दोघंच राहिलाय मला. तुमचं मी कसं सोडू?"