तुमचं तर चालतंय!

छापखान्यात तिला सगळे किल्लेदारीणबाई म्हणत. तिथल्या सामायिक युनिक्स संगणकाचा रूट पासवर्ड, म्हणजे सगळी दारं उघडणारी किल्ली, फक्त तिला ठाऊक. त्या यंत्रात प्रत्येकाचं वेगळं फोल्डर होतं. ती त्याला 'घर' म्हणायची. जुनी डिस्क गच्च भरली, तेव्हा सुट्टीच्या दिवशी येऊन तिनं सगळी घरं निगुतीनं नव्या डिस्कवर हलवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्याखेरीज एकालाही लॉगिन करता येईना. पासवर्ड बरोबर, तरी यंत्र आल्या पावली परत पाठवी.

"वहिनी, अहो हे काय!" मुद्रितं तपासणारी तिची धाकटी नणंद टेबलावरूनच ओरडली. "घरी माझ्या तोंडावर दार लावता येत नाही, म्हणून इथे लावलंत होय?"

सगळे खो खो हसले. व्यवस्थापक मात्र तरातरा आले. "तुमचं तर चालतंय! तोच पासवर्ड सगळ्यांना देऊन टाका. कामं खोळंबलीत."

"नाही देणार. एकाचं लिखाण दुसऱ्याच्या हातून पुसलं गेलं तर?"

"मग दुपारी किल्ली दुसऱ्याकडे सोपवतो."

"दुपारी ना? आत्ता सकाळ आहे."

तिनं प्रत्येक घराची मालकी पुन्हा तपासली. सगळं जिथल्या तिथं. पण 'तुमचं तर चालतंय' हे वाक्य काही डोक्यातून जाईना. चालणारच की! रूटला कुठलं दार अडवतं? मग आपल्याच नावानं तपासून कळणार तरी काय, कपाळ!

"ये गं इकडे. आता तुझ्या नावानं आत शिरू."

तिनं रूटवरून नणंदेच्या खात्याचं सोंग घेतलं आणि तिच्या घरापर्यंतची एकेक पायरी चालून पाहिली. घरं ठेवलेल्या मोठ्या फोल्डरपाशीच यंत्रानं हटकलं: परवानगी नाही.

"अगं, घरं ठीक आहेत. फाटकच बंद आहे!" ते नवं फोल्डर करताना तिनं परवानगी फक्त रूटपुरती ठेवली होती.

"मग टाका ना सगळं सताड उघडं!" मागून व्यवस्थापक.

"फाटकातून जाता येईल, तेवढंच उघडते. घरांची कुलपं तशीच राहतील."

एक ओळ, एक एंटर. नणंद स्वतःच्या टेबलावरून आत गेली, पाठोपाठ बाकीचे.

"म्हणजे चूक तुमचीच," व्यवस्थापक म्हणाले.

"माझीच. सगळ्यांदेखत सांगते."

"आणि किल्ली?"

"तीही माझीच. दुपार झाली तरी."