पर्समधला बिल्ला

रामदासपेठेतल्या आमच्या गल्लीत मला ‘कुत्रेवाली मॅडम’ म्हणतात. तोंडावर नाही, पाठीमागे. मला त्याचं वाईट वाटत नाही. वाईट वाटतं ते झोपलेल्या कुत्र्यावर उकळतं पाणी फेकून वर ‘ते आम्हाला चावलं असतं तर?’ असं विचारणाऱ्या सभ्य माणसांचं. सरकारी नोकरीतून निवृत्त झाले आणि अशा माणसांशी भांडायला मोकळी झाले. आमचे हे म्हणतात, तुला पेन्शन भांडणासाठीच मिळते. म्हणोत बापडे.

दोन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात गल्लीतल्या लोकांनी मीटिंग घेतली. कुत्री फार झाली, गाडी बोलवा आणि दूर जंगलात सोडून या, असं बहुतेकांचं म्हणणं. एक गृहस्थ तर शांतपणे म्हणाले की पोळीत काहीतरी कालवून टाकलं की काम होतं. त्यांच्या हातात तेव्हा माझ्याच घरचा चहा होता. मी त्यांना इतकं झाडलं की कप अर्धा ठेवून ते निघून गेले. मग मी सगळ्यांना समजावलं. कुत्र्यांना महापालिकेच्या केंद्रात नेऊन नसबंदी करायची, रेबीजची लस टोचायची, ओळखीसाठी कानाचं टोक कापायचं आणि पाच-सहा दिवसांनी जिथून उचललं तिथंच परत सोडायचं. जिथून उचललं तिथंच, हे मी तीनदा सांगितलं. परक्या भागात सोडलेलं कुत्रं तिथल्या कुत्र्यांच्या दाताखाली सापडतं, नाहीतर घर शोधत भटकत मरतं. लोक नाइलाजाने हो म्हणाले. आता अडचण एकच होती, ती म्हणजे प्रेसवाल्या बाईंची कुत्री.

प्रेसवाल्या बाई म्हणजे गल्लीच्या तोंडाशी कडुनिंबाखाली ठेला लावून कपडे इस्त्री करणाऱ्या बाई. कोळशाची इस्त्री, भर एप्रिलमध्ये. नवरा गेल्यापासून एकट्याच. त्यांच्या ठेल्याखाली एक तांबूस रंगाची कुत्री असायची. तिला नावगाव काही नव्हतं. बाई तिला शेजारणीला बोलवावं तशी हाक मारायच्या, ‘ये वं.’ तेवढ्यावर ती कुठूनही धावत यायची. बाकी कुणाच्या हाताला लागायची नाही. मी दोन वर्षं बिस्किटं घातली, पण मी गेटच्या आत गेल्याशिवाय तिने एकाला तोंड लावलं नाही.

केंद्राची माणसं जाळं घेऊन आली की ती अशी पळायची की दोन दिवस दिसायची नाही. म्हणून मी बाईंना गळ घातली, तुम्ही हाक मारा आणि तुमच्याच हाताने दोरी घाला. बाई तयार होईनात. कापाकापी कशाला, ती कोणाचं काय करून राहिली, असं त्यांचं म्हणणं. मी त्यांना आठवडाभर पटवत होते. दर विणीला चार-पाच पिल्लं होतात, त्यातली निम्मी गाड्यांखाली जातात, हे त्यांनी स्वतःच पाहिलं होतं. मागच्या दिवाळीला असंच एक पिल्लू त्यांनी फडक्यात गुंडाळून नाल्याकाठी पुरलं होतं. शेवटी त्यांनी विचारलं, हरवली तर? मी म्हटलं, हरवणार कशी? गळ्यात नंबराचा बिल्ला बांधतात. तोच नंबर वहीत आणि त्याच्यापुढे आपल्या गल्लीचा पत्ता. नंबर आहे तोवर ती हरवत नाही, हा माझा शब्द.

माझा शब्द! बाईंनी हाक मारली. ती आली, शेपूट हलवत, आणि दोरी गळ्यात पडली तरी हललीसुद्धा नाही, नुसती बाईंकडे बघत राहिली. गाडीत चढवताना बाईंनी आपल्या जुन्या हिरव्या लुगड्याची एक पट्टी फाडून माझ्या हातात दिली. पिंजऱ्यात टाका, म्हणाल्या, वास आला तर घाबरणार नाही.

तिसऱ्या दिवशी मी केंद्रात गेले. ऑपरेशन चांगलं झालं होतं, डॉक्टर तसं म्हणाले. वर टिनाचं छत, कूलर नावाला फिरत होता, आणि ती कोपऱ्यात मान वाकडी करून बसली होती. बघते तो काय, बिल्ल्याची सुतळी गळ्यात काचत होती. पाणी लागून ती आवळली होती की बांधतानाच घट्ट बांधली होती कोण जाणे, खालची कातडी लाल झाली होती. माझा जीव कळवळला. मी पर्समधून कात्री काढली आणि सुतळी कापली. औषधाच्या गुंगीत होती की काय, पहिल्यांदाच तिने मला हात लावू दिला. मग पिंजऱ्यातली हिरवी पट्टी घेऊन मी तिच्या गळ्यात सैलसर बांधली. बिल्ला पट्टीत ओवावा तर त्याचं भोक बारीक. म्हटलं, पिंजरे सांभाळणाऱ्या मदतनिसाला सांगते, तो नवी दोरी लावून बांधेल. बिल्ला पर्सच्या बाहेरच्या कप्प्यात ठेवला. तेवढ्यात फोन वाजला. कुणाच्या तरी छतावर मांजाला अडकलेली घार तडफडत होती. मी तशीच निघाले.

घार वाचली. त्या आनंदात मी बिल्ला विसरले.

सहाव्या दिवशी गाडी आली नाही. सातव्या दिवशी मी केंद्रात जाऊन मदतनिसाची खरडपट्टी काढली. नंबर काय शोभेला बांधता का, वही काय रद्दीला ठेवली आहे का, असं पुष्कळ बोलले. तो बिचारा मान खाली घालून ऐकत होता. मग हळूच म्हणाला, “मॅडम, तिच्या गळ्यात नंबरच नव्हता. कापडाची पट्टी होती नुसती. कळमन्याची पाच कुत्री होती, सारी तांबडी. तिला त्यांच्यातलीच समजून काल सोडून आलो.”

कळमना म्हणजे शहराचं दुसरं टोक. माझा हात आपोआप पर्सवर गेला. वरूनच हाताला बिल्ला लागला, गोल, कडक. तेव्हा मी बोलायला हवं होतं. मी बोलले नाही. डॉक्टर बाहेर आले, त्यांनीही मदतनिसालाच फैलावर घेतलं, आणि मी बाजूला उभी राहून ते ऐकलं. आयुष्यभर मी मुक्या जनावरांसाठी तोंड वाजवलं, आणि त्या दिवशी एका बोलणाऱ्या माणसासाठी माझं तोंड उघडलं नाही. लाज वाटते लिहितानासुद्धा.

बाईंना मी सांगितलं की केंद्रवाल्यांनी घोळ घातला. त्यांनी इस्त्री स्टँडवर ठेवली आणि फक्त विचारलं की कळमना किती लांब आहे. दुसऱ्या दिवसापासून ठेला दुपारी बंद. आम्ही दोघी ऑटोने कळमन्याच्या बाजारात जायचो. संत्र्यांचे ढीग, मिरचीची पोती, ट्रकांच्या रांगा, आणि त्यांच्यामधून बाई हाक मारत फिरायच्या, ‘ये वं, ये वं.’ बायका आपल्यालाच बोलावलं समजून वळून बघायच्या. ऊन असं की चपलेतून पाय भाजायचे. मी फोटोची पत्रकं चिकटवायची, ग्रुपवर टाकायची. रोज परत येताना वाटायचं की आज सांगून टाकू. रोज ऑटो गल्लीत शिरायचा आणि माझं सांगणं राहून जायचं. घरी गेल्यावर पर्स मी उघडत नव्हते.

शोधाच्या नवव्या दिवशी सकाळी सीताबर्डीहून एका कपडे विकणाऱ्याचा फोन आला. तुमच्या फोटोतल्यासारखी कुत्री इथे मेट्रोच्या खांबाजवळ पडली आहे, म्हणाला, गळ्यात हिरवं काहीतरी आहे. आम्ही गेलो.

तीच होती. गाडीने उडवलं होतं, पहाटे कधीतरी. तळपाय सोलून निघाले होते. पोट खपाटीला गेलेलं, टाके मात्र सुकलेले. कळमन्यापासून सारं शहर ओलांडून ती तिथवर आली होती, न जाणो किती गल्ल्यांतल्या कुत्र्यांचा मार खात. तिथून आमची गल्ली पायी वीस मिनिटांवर. रोज ज्या रस्त्याने आमचा ऑटो जायचा, त्याच रस्त्याने ती घरी येत होती.

बाई खाली बसल्या. रडल्या नाहीत. तिच्या गळ्याभोवती बोटं फिरवून त्यांनी पट्टीची गाठ चाचपली.

“नंबर कुठी हाय?” त्यांनी विचारलं.

मी पर्सचा कप्पा उघडला आणि बिल्ला त्यांच्या हातावर ठेवला. मग सगळं सांगितलं, भर रस्त्यात, दुकानं उघडणाऱ्या लोकांसमोर, रडत. सुतळी काचत होती, मला बघवलं नाही, मग फोन आला, मग घार. बाईंनी सगळं ऐकून घेतलं. पट्टी सोडून घेतली. त्या दोन शिव्या देत्या तर बरं झालं असतं.

त्याच दुपारी मी केंद्रात जाऊन डॉक्टरांसमोर मदतनिसाची माफी मागितली. तो म्हणाला, होतं मॅडम. आणि पुढचा पिंजरा धुवायला लागला.

माझे कपडे बाई अजून इस्त्री करतात, पहिल्यासारखेच, घडीत घडी. बोलणं मात्र कामापुरतं उरलं. मग या वर्षी होळीच्या आसपास गल्लीत एक काळी कुत्री आली आणि त्यांच्या ठेल्याखाली राहू लागली. गाभण नव्हती अजून, म्हणजे नसबंदीची वेळ हीच होती. मी बरेच दिवस ठेल्यावरून नुसतीच जात राहिले. शेवटी एका दुपारी उभी राहिले आणि म्हटलं, हिला न्यायला हवं. या वेळी मी पाचही दिवस तिथेच बसेन. तुम्ही हाक मारली तर येईल ती.

बाईंनी हातातला शर्ट पूर्ण केला, घडी घातली, बाजूला ठेवला.

“न्या ना. तुमचं काम चांगलं हाय, मी नाई कुठी म्हणतो,” त्या म्हणाल्या. “पण हाक मी नाई मारत. ते माह्या हाकेनं आली होती, मॅडम. तुमाले तर ते ओळखत बी नव्हती. मले एवढंच सांगा, मरतानी तिच्या मनात कोणावर राग असन? तुमच्यावर का माह्यावर?”



मी खाली वाकले, बिस्किट पुढे धरलं आणि जमेल तशी हाक मारली, ‘ये वं.’ काळी कुत्री माझ्या हाताकडे थोडा वेळ बघत राहिली. मग उठली, मागे सरकली आणि बाईंच्या पायांशी जाऊन बसली.