बिनधुराचा लोबान

आमच्या घरी फातिहा खिडकीतून वाचली जायची.

दर जुम्मेरातीला, म्हणजे गुरुवारी, सूर्य बुडाल्यावरची मगरिबची नमाज झाली की आई चुलीतले दोनचार निखारे चिमट्याने उचलून मातीच्या लोबानदानात ठेवायची आणि वर लोबानाची चिमूट सोडायची. धूर आधी सरळ वर जायचा, मग कौलांना टेकून हळूहळू खाली उतरायचा, आणि बघता बघता घरातल्या सगळ्या वस्तूंच्या कडा पुसल्या जायच्या. फळीवरची भांडी, आईची ओढणी, माझेच हात. अब्बा मात्र बाहेर पडवीत, खिडकीच्या गजांपाशी उभे. मासेमारीच्या लाँचवर इंजिनाजवळ त्यांची उमर गेली होती. डिझेलच्या धुराने छाती अशी धरली होती की उदबत्तीसुद्धा सोसायची नाही. ते बाहेरून वाचायचे. घरातल्या गेलेल्या माणसांची नावं एकामागून एक घ्यायचे आणि प्रत्येक नावाला आई आतून आणखी एक चिमूट टाकायची. धूर वर गेला की आठवण पोचते, असं ती म्हणायची. सगळ्यांच्याच घरी बाप बाहेर उभा राहून वाचतो, असं मला बरीच वर्षं वाटत होतं.

आई गेली आणि लोबान थांबला.

मी इकडून, कतारमधल्या अल वक्राहून, फोनवर विचारलं तेव्हा अब्बा म्हणाले, "कोण पेटवणार? पेटवला तं मला भायेर जावं लागणार. मी भायेर गेलो तं आत कोण?"

या बोलण्यानंतर मी नवऱ्याच्या मागे लागून त्यांचा व्हिजिट व्हिसा काढला. मी त्यांची एकुलती एक. माझ्या मनात तेव्हापासून एकच गोष्ट होती, अब्बांनी आता परत त्या रिकाम्या घरात जाऊन एकटं राहू नये. व्हिसा एका महिन्याचा होता, पण वाढवता येत होता. प्रश्न व्हिसाचा नव्हताच. लेकीच्या घरी जास्त दिवस राहायचं नसतं, हे त्यांच्या अंगात इतकं मुरलेलं होतं की त्यांनी बॅगसुद्धा रिकामी केली नव्हती. सकाळी कपडे बॅगेतून काढायचे, धुऊन वाळले की घडी घालून पुन्हा बॅगेत. मी कपाटाचा एक खण मोकळा करून दिला होता. त्यात त्यांनी फक्त आपली टोपी ठेवली.

दिवस एप्रिलचे होते, उन्हाळा अजून पुरता चढला नव्हता. अब्बा दुपार कलल्यावर असरची नमाज पढून समुद्रावर जाऊन बसायचे. वक्राच्या किनाऱ्याला जुनी लाकडी गलबतं बांधून ठेवलेली असतात. पाणी इतकं शांत की गलबत पाण्यावर आहे की हवेत, ते कळू नये. अब्बा त्यांच्याकडे बघत मगरिबपर्यंत बसत. घरी आले की म्हणत, "समुद्र हाय, पण वास नाय. या गावाला कसलाच वास नाय बघ."

आमच्या घरालाही नव्हता. खिडक्या बंद, एसी चालू, फरशीला लावलेल्या फिनेलचा तेवढा वास. त्यांचं खरंच होतं.

मग एका शुक्रवारी दोह्याच्या सूक वाकिफ बाजारात मला ते यंत्र दिसलं. अत्तराच्या दुकानात काउंटरवर ठेवलेलं, कॉफीच्या पेल्याएवढं, वर जाळीचं झाकण, आत बोटभर रुंदीची चकती, बाजूला दोन बटणं आणि छोट्या पडद्यावर आकडे. इथल्या घरात पाहुणे आले की मबखऱ्यात, म्हणजे धूपदानात, निखाऱ्यावर अगरचं लाकूड जाळतात, त्याचीच ही विजेवर चार्ज होणारी बहीण. दुकानदार मल्याळी होता. हिंदीत म्हणाला, "कोयला नहीं, आग नहीं, मॅडम. टेंपरेचर आपके हाथ में. धुआँ चाहिए तो धुआँ, खाली खुशबू चाहिए तो खाली खुशबू."

खाली खुशबू, म्हणजे नुसता वास. मी तिथेच उभी राहिले. एवढी वर्षं आमच्या घरात एका माणसाला बाहेर उभं राहावं लागलं, आणि त्याचा इलाज असा तळहातावर मावत होता.

माझा नवरा एसी टेक्निशियन आहे. पिशवीत डोकावून म्हणाला, "मी दिवसभर लोकांची घरं थंड करत फिरतो आणि तू माझंच घर गरम करायला मशीन आणलंस."

"तुम्हाला नाही कळणार."

"टेंपरेचरचं मलाच नाही कळणार? शाबास."

माहितीपत्रक इंग्रजी, अरबी आणि चिनी अशा तीन भाषांत होतं. अब्बांनी ते माझ्याकडे सरकवलं. "वाच. ग्रॅज्युएट हायस ना." हा शब्द ते उच्चारतात तेव्हा त्यात थट्टाही असते आणि अजून बरंच काही असतं. आमच्या खानदानात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. माझं पदवीचं प्रमाणपत्र आलं त्या दिवशी हात तेलकट आहेत म्हणून त्यांनी ते हातात घेतलं नव्हतं. मी धरून उभी राहिले आणि त्यांनी लांबूनच वाचल्यासारखं केलं. त्यांच्या त्या तेलकट हातांमुळे मी आज इंडस्ट्रियल एरियातल्या एका ऑफिसात खुर्चीवर बसते, हे मला रोज कंपनीच्या गाडीत बसताना आठवतं. त्यांना शुक्रिया म्हणायला मात्र जीभ वळत नाही.

पत्रकात लिहिलं होतं की लाकडासाठी अमुक अंशापासून तमुक अंशापर्यंत. लोबानाचा उल्लेख नव्हता. मला वाटलं, लोबान काय, लाकूड काय, एकच.

पहिल्या जुम्मेरातीला मी चकतीवर आई टाकायची तशी चांगला चिमूटभर लोबान टाकला. आकडा दीडशेवर ठेवला. अब्बा खिडकीपाशी, पण आतल्या बाजूला, टोपी घालून बसले. आम्ही तिघं त्या पेल्याकडे बघत राहिलो.

काही नाही.

"धूर कुठाय?" अब्बा म्हणाले.

"येईल."

"धूर नाय तं लोबान कसला?"

मी एकशे ऐंशी केलं. मग दोनशे. आणि इथे माझं चुकलं. धूर दिसल्याशिवाय लोबान पेटला असं मानायची सवय माझ्याही डोळ्यांना लागलेली होती. मी नाकाने बघतच नव्हते. बटण दाबत दाबत आकडा संपला तिथपर्यंत नेला. लोबान लाकडासारखा नसतो, तो डिंक आहे. तो वितळला, उकळला, चकतीवरून खाली कडेने गेला, काळा पडला, आणि मग एकदम निखाऱ्यावरूनही कधी उठला नसेल एवढा धूर उठला. छतावरचा अलार्म किंचाळायला लागला. नवरा खुर्चीवर चढून त्याच्याशी झटापट करत होता. अब्बा उठून दाराकडे जाऊ पाहत होते, पण श्वासच सापडेना. मी त्यांना बाल्कनीत नेलं, दम्याचा पंप तोंडाला लावला. त्यांच्या मानेच्या शिरा ताणलेल्या आणि डोळ्यांत पाणी. फातिहा राहूनच गेली.

श्वास खाली आल्यावर ते नवऱ्याला म्हणाले, "जमाई, पुढच्या शुक्रवारचं तिकीट बघा माझं."

"मामू, एवढ्याशा गोष्टीवरून?" नवरा सासऱ्यांना मामूच म्हणतो.

"गोष्टीवरून नाय. तुमच्या घराला कशाला धूर लावायचा."

तुमच्या घराला, असं म्हणाले. मी आत जाऊन काळी पडलेली चकती घासत बसले.

पुढचे सगळे दिवस मी ऑफिसातून यायची तेव्हा अब्बा समुद्रावर असायचे आणि स्वयंपाकघर माझं एकटीचं असायचं. मी दार ओढून घ्यायची, ओट्यापाशी बसायची. आमच्या शाळेत थर्मामीटर एकच होता, तोही कपाटात कुलपात. सर तो वर्षातून एकदा काढून हातात न देता दाखवायचे आणि पुन्हा ठेवायचे. तापमान म्हणजे काय ते मी फळ्यावर शिकले होते. आता पहिल्यांदा ते माझ्या बोटाखाली होतं.

चकतीवर मी चांदीच्या कागदाची बारीक वाटी करून ठेवली. लोबान चिमूटभर नाही, तांदळाच्या दाण्याएवढाच. आकडा शंभरावर, आणि डोळे मिटून घेतले.

आधी कितीतरी वेळ नुसता गरम धातूचा वास. मग कुठून तरी लिंबाची साल खरवडल्यासारखं काही. ते आलं आणि गेलं, मला नीट पकडताही आलं नाही. आणखी थोडं वर नेल्यावर दाणा पाघळला, काचेसारखा झाला, आणि त्यातून कैरीच्या चिकाचा वास आला, गोडसर आणि जिभेला टोचणारा. आणखी वर, आणि मी आमच्या न्हाणीघरात उभी होते. ओले केस, तांब्याचा हंडा, कुणीतरी पाठीवर टॉवेल टाकतंय. असा एकेक अंश चढताना जणू एकेक दार उघडत होतं आणि मी आत डोकावून पुढे जात होते. मध्येच वॉशिंग मशीन वाजलं की इकडे यायची, पुन्हा जायची.

एक गोष्ट मला कळायला तीनचार दिवस लागले. आकडा लगेच चढतो, वास मागून येतो. मी बटण दाबायची, वास आला नाही म्हणून पुन्हा दाबायची, आणि मागचा वास पोचेपर्यंत पुढचा धूर झालेला असायचा. थांबायचं असतं. भाताला दम देतो तसं आधी थोडा चढवायचा, दाणा पाघळला की खाली घ्यायचा आणि झाकण ठेवून सोडून द्यायचा. एकदा तसं केलं, एकशे पन्नासवर नेऊन एकशे तीसवर उतरवलं, आणि भांडी घासायला लागले. हात साबणात असतानाच पाठीमागे आई येऊन उभी राहिल्यासारखं वाटलं. मी वळले नाही. तशीच उभी राहिले, नळ वाहत राहिला.

वळून पाहिलं तेव्हा जाळीतून धुराची एक रेघसुद्धा निघत नव्हती.

तिकीट शुक्रवार रात्रीचं निघालं. गुरुवारी ऑफिसातून आल्यावर अब्बांना मी काहीच सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ते मशिदीतच बसून राहिले असते. मगरिब व्हायच्या आधीच मी दाणा ठेवला, चढवला, उतरवला, झाकण घातलं. अलार्मकडे एकदा बघून घेतलं. नवरा सोफ्यावरून म्हणाला, "खुर्ची जवळ ठेवू का?"

"गप्प बसा."

अब्बा मशिदीतून आले. दारात चपला काढताना वाकलेले, ते तसेच थांबले. हात भिंतीला. मला वाटलं, पुन्हा श्वास लागला. मी धावले.

त्यांनी हाताने थांब म्हटलं. तोंड मिटलेलं होतं. ते नाकाने श्वास घेत होते, लांब, जपून, पाण्यात पाय घालून खोली बघावी तसा. खोकला आला नाही. त्यांनी आणखी एक घेतला.

"धूर कुठाय?" या वेळी आवाज हळू होता.

"नाही धूर, अब्बा."

ते आत आले आणि पेल्याच्या अगदी समोर, फरशीवर बसले. मी खुर्ची पुढे केली, त्यांनी घेतली नाही. जाळीवर तळहात धरला, वर घेतला, हुंगला.

"आत असं असायचं?"

"हो," मी म्हटलं.

"तुम्ही दोघी ह्याच्यात असायच्या?"

"हो, अब्बा."

त्यांनी हात वर केले आणि ते वाचायला लागले. आवाज खोलीत घुमला. आजवर मी तो नेहमी भिंतीच्या पलीकडून ऐकला होता. इतक्या जवळून ऐकताना त्यातली घरघरही ऐकू येत होती आणि शब्दाशब्दामधला श्वासही. नावं सुरू झाली. त्यांचे अब्बा, त्यांची आई, समुद्रात गेलेले चुलते. प्रत्येक नावाला मी सवयीने लोबानाकडे हात नेत होते आणि मागे घेत होते. एक दाणा पुरेसा होता.

शेवटच्या नावापाशी ते अडले. आमच्याकडे नवरा बायकोचं नाव घेत नाही. अब्बांनी आईला जन्मभर "अगो" म्हणून हाक मारली. नवऱ्याने मान खाली घातली. मला वाटलं, ते आता "हिची आई" असं काहीतरी म्हणतील. त्यांनी नाव घेतलं. पूर्ण, तिच्या बापाच्या नावासकट, कोणी नवीन माणसाची ओळख करून द्यावी तसं.

"आमीन," मी म्हटलं. म्हणताना माझा आवाज आईसारखा आला, की मलाच तसं वाटलं.

ते उठले नाहीत. पाठ सोफ्याला टेकवून, पाय पसरून बसले. असे पाय पसरून बसलेले मी त्यांना या घरात पाहिलं नव्हतं. खोलीत काही दिसत नव्हतं आणि सगळीकडे काहीतरी होतं. बाहेर कुणीतरी गाडीतून "यल्ला, यल्ला" ओरडत होतं, तेही लांबच्या किनाऱ्यावरून आल्यासारखं वाटत होतं.

जेवणाच्या वेळी नवऱ्याने घसा साफ केला. "मामू, उद्या एअरपोर्टला जरा लवकर निघू या. शुक्रवारची गर्दी असते."

अब्बांनी भातावर कालवण ओतून घेतलं. शांतपणे कालवलं.

"पुढच्या जुम्मेरातीला हे मशीन कोण चालवणार?" त्यांनी मला विचारलं.

"मीच की."

"आणि वाचणार कोण?"

अब्बांनी एक घास घेतला, गिळला.

"बकरी ईद होऊ दे," ते म्हणाले. "मग बघू. जमाई, ते तिकीट फिरवता येतं का बघा."

नवरा जेवणावरून उठून डाव्या हाताने फोन शोधायला लागला.