पंखा बंद ठेवणारी मामी

माझी मामी ही जगातली एकमेव चित्रकार असेल जिचं मुख्य हत्यार ब्रश नाही, झाडू आहे. खोटं वाटत असेल तर उमेळ्याला आमच्या फ्लॅटवर या, मी कॉलेजसाठी तिच्याकडेच राहते. म्हणजे आता येऊन तसा उपयोग नाही, पण ते नंतर सांगते.

मामी लहान मुलांची चित्रांची पुस्तकं करते. माहेर जूचंद्रचं, आणि तिथली पोरं उभं राहायच्या आधी रांगोळी काढायला शिकतात असं निदान तिचं म्हणणं. त्यामुळे पुस्तकाचं प्रत्येक पान ती आधी लादीवर रांगोळीत काढायची, अख्ख्या हॉलभर. मग स्टुलावर चढून वरून बघायची, मान वाकडी, तोंडात पेन्सिल. आणि मग खाली उतरून सरळ झाडू! सगळं साफ! पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी किंचाळलेच होते. ती म्हणाली, “अगं, पुसल्यावर माज्या डोक्यात जे उरतं ना, तेवढंच पोरांच्या डोक्यात राहनार. बाकीचा नुस्ता पसारा.” जे उरलं ते कागदावर. पण पुसेपर्यंत पंखा बंद. मे महिन्यात! मामा ऑफिसातून घामाघूम येऊन भिंतीला पाठ लावून खेकड्यासारखा आडवा चालत किचनमध्ये जायचा. एकदा त्याचा पाय हत्तीच्या सोंडेवर पडला आणि तो जागच्या जागी पुतळाच झाला. मामी स्टुलावरून म्हणाली, “असू द्या, सोंड लांबच झालेली.” त्या पुस्तकातला हत्ती आजही आखूड सोंडेचा आहे.

चित्रं झाली की बिल्डिंगमधल्या पोरांना बोलवायचं, शब्द कागदाने झाकायचे आणि पानं दाखवायची. पोरगं “मग? पुढे?” म्हणालं तर पान पास. “छान आहे आंटी” म्हणालं की तिथल्या तिथे टराटरा फाडून टाकायची. “छान म्हंजे खल्लास,” म्हणायची.

गेल्या वर्षीचं पुस्तक मात्र तिचं स्वतःचं होतं, गोष्टसुद्धा तिचीच. एक छोटी पोरगी आजीबरोबर पहिल्यांदा मासळीच्या लिलावाला जाते आणि टोपलीतल्या सुरमईच्या डोळ्याला घाबरते. बस, एवढंच. त्यासाठी मामी पाचूबंदरला जाऊन बसायची, मला पण ओढून न्यायची. तिथली एक म्हातारी कोळीण तिला रोज झापायची. “ए बाय, मासली घ्याची हाय का नुस्ती बगाची हाय?” मामी म्हणायची, “बगाची हाय.” “मग लांबून बग, गिऱ्हाईक अडतंय माजं!” पण तिचंच चित्र काढतेय कळल्यावर ही कोळीण मावशी पदर नीट करून बसायला लागली. एकच अट, “माजे पडलेले दात काडू नको. नायतर पुस्तक पान्यात टाकीन.” मामीने पहिली कॉपी तिलाच द्यायचं कबूल केलं. दातांचं काही कबूल केलं नाही.

सुरमईचा डोळा किती वेळा लादीवर आला आणि झाडला गेला, विचारू नका. शेवटी पोरांनी “मग?” म्हटलं. चित्रं प्रकाशकाकडे गेली आणि तिथल्या मॅडमचा फोन आला. मामीने स्पीकरवर टाकला. “ताई, चित्रं सुंदरच आहेत हो, पण मासे... शाळा घेत नाहीत. आजीच्या टोपलीत भाजी दाखवली तर?” मामी म्हणाली, “बंदरावर भाजी? होडीतनं भेंडी पकडून आनतात काय?” मॅडम खूप हसल्या. “किती गोड बोलता तुम्ही!” आम्हाला वाटलं, विषय मिटला.

पुस्तक आलं. कोणीतरी कॉम्प्युटरवर बसून सगळं “गोड” केलेलं. समुद्राच्या जागी तळं. होड्यांच्या जागी कमळं. आजीला बत्तीसच्या बत्तीस पांढरे दात. आणि टोपलीत वांगी. पोरगी मात्र तशीच ठेवलेली, डोळे मोठे, हात तोंडावर. तेवढ्याच भीतीने वांग्याकडे बघतेय! वर मामीचं नाव, ठळक. मामा म्हणाला, “नाव तर आलं ना?” मी मूर्खासारखं त्या पानाचं स्टेटस टाकलं, त्यावर लोकांनी लिहिलं, “सो क्यूट.” वांग्याला!

दोन दिवसांनी मामीने रांगोळीचे डबे पिशवीत भरले आणि मला स्कूटी काढायला लावली. पाचूबंदरला लिलाव संपलेला. एक कोरडी जागा बघून ती बसली आणि पूर्ण पान काढलं. आजी, टोपली, सुरमई, तो डोळा. मावशी कंबरेवर हात ठेवून बघत राहिली.

“ही मी?”

“व्हय.”

“दात?”

“पडलेले.”

“पान्यात टाकीन म्हनलेलं मी.” पण मग तिने आपली रिकामी टोपली त्या चित्राच्या कडेला आडवी लावली, कोणाचा पाय पडू नये म्हणून. “पुस्तक कुटंय?” मामी म्हणाली, “ह्येच हाय.”

मी सवयीने झाडू शोधायला लागले. मामी म्हणाली, “नको. ह्याला मी नाय झाडनार.” समुद्राचा वारा सुटलाच होता. सुरमईचा डोळा आधी गेला.

आता आमच्या घरी पंखा कायम चालू असतो, पाचवर. मामी दुसऱ्यांच्या गोष्टींना कॉम्प्युटरवर हसरे सूर्य काढते, आणि पोरं म्हणतात “छान आहे आंटी”. ती काही फाडत नाही. मामा खूश आहे, हॉलमधून सरळ चालत जातो. मी मात्र अजून भिंतीला चिकटूनच जाते.