यादीत कोणाचं नाव

तारिहाळच्या एका छोट्या कारखान्यात मी परदेशी जाणाऱ्या मालाची कागदपत्रं करते. आम्ही स्प्रिंगा बनवतो. मालकांना सगळे अण्णा म्हणतात, मीही.

एका सोमवारी ईमेल आला. शस्त्रांच्या चोरट्या व्यापारावर निर्बंध घालणाऱ्या आंतरराष्ट्रीय समितीच्या तपासनिसांचा होता. यादवी माजलेल्या एका देशात बेकायदा रायफली पकडल्या होत्या, आणि सोबत त्यांत बसणाऱ्या स्प्रिंगांचं एक खोकं. फोटोत खोक्यावरची चिठ्ठी दिसत होती. तिच्यावरचा लॉट नंबर माझ्या अक्षरात होता.

माल आखातातल्या एका दलालानं मागवला होता, शेतीच्या पंपासाठी म्हणून. खोक्यावर कारखान्याचं नाव नको, असं त्यानं मला फोनवर बजावलं होतं. नाव मी घातलं नाही. नंबराची चिठ्ठी तेवढी सवयीनं चिकटवली, आणि त्या नंबरावरूनच तपासनीस आमच्यापर्यंत पोचले होते.

तपासनीस बाई व्हिडिओ कॉलवर शांतपणे इंग्रजीत बोलल्या. “निर्बंधांच्या यादीत नाव गेलं की माणसाची खाती गोठतात, प्रवास बंद होतो. म्हणून कुणी जाणूनबुजून केलं आणि कोण नकळत अडकलं, हे आम्हाला वेगळं करायचंय. दलालाला ठाऊक होतं? तुमच्या मालकांना?”

मी आठवडाभराची मुदत मागून घेतली.

दलालाचं ठरवणं सोपं होतं. अण्णांचं नव्हतं. त्या स्प्रिंगांचं ड्रॉइंग आलं तेव्हा मी त्यांना विचारलं होतं, “अण्णा, असली स्प्रिंग कुठल्या पंपात बसते हो?” त्यांनी ड्रॉइंग उजेडाला धरून बराच वेळ पाहिलं. मग म्हणाले, “गिऱ्हाईक पंप म्हणतंय ना? बिडव्वा.” कन्नडमध्ये म्हणजे, सोड गं. सोड, मला कळत नाही? की सोड, विचारू नकोस?

त्या आठवड्यात मला एका जागी बसवेना. केलगेरीच्या तळ्याकाठी फेऱ्या मारायचे, घरी येऊन पुन्हा बाहेर पडायचे. दोनदा भाजी करपली. शेवटी कारखान्यात जाऊन अण्णांसमोर उभी राहिले.

“अण्णा, मी त्या दिवसाचं बोलणंही सांगणार आहे.”

त्यांनी चष्मा काढला. “कोणतं?”

“पंपाचं.”

त्यांनी चष्मा टेबलावर ठेवला. मी दारापर्यंत गेल्यावर म्हणाले, “सांग. पण मी तेव्हा काय विचार करत होतो, ते मलाच आठवत नाही. तू आपल्या पदरचं घालू नकोस.”

जबानीत मी सगळं सांगितलं. ‘बिडव्वा’ शब्द कन्नडमध्येच ठेवला आणि त्याचे दोन्ही अर्थ सांगितले. बाईंनी विचारलं, “तुम्हाला कोणता वाटतो?” मी म्हणाले, “रोज बदलतो.”

काही महिन्यांनी यादी आली. दलाल आणि त्याच्या दोन कंपन्या. अण्णांचं नाव नव्हतं. कारखान्याला वेगळं पत्र आलं: खबरदारी घेतली नाही, मात्र माहीत असल्याचा पुरावा नाही.

अण्णांनी ते पत्र उभ्यानंच वाचलं आणि माझ्या टेबलावर ठेवलं. हल्ली प्रत्येक नवं ड्रॉइंग ते आधी माझ्याकडे पाठवतात. कुठे बसणार, कोण वापरणार, हे मी गिऱ्हाइकाला लेखी विचारते. उत्तर आलं की अण्णा दारातूनच विचारतात, “काय वाटतं?” मी पुन्हा वाचायला घेते, आणि ते जात नाहीत, तिथेच उभे राहतात.