पिलसुनताईंच्या हातचा घास

दुसरा ओढा ओलांडला तरी पिलसुनताई माझ्यापुढे चार पावलं चालत होत्या. देवळापासून गाव म्हणजे दीड तासाची उतरण. बाकीच्या बायका टेम्पोत बसून पुढे गेल्या. ताई म्हणाल्या, "मी आपली चालते," म्हणून मीही टेम्पोतून उतरले.

दरवर्षी थंडीच्या तोंडावर आम्ही गावच्या बायका डोंगरावरच्या देवळात भिक्षुणींसाठी किमची, कोबीचं तिखट लोणचं, घालायला जातो. तीनशे कोबी असतात. मिठात मुरलेल्या पानापानांत मिरचीचं वाटण भरायचं.

पिलसुनताई अठ्ठावन्न वर्षांच्या. एकट्या राहतात, शिवणकाम करतात. लहानपणापासून हातांना, मानेला इसब. तो कुणाला लागत नाही हे सगळ्यांना माहीत आहे. तरी बसमध्ये त्यांच्या शेजारची जागा शेवटी भरते. "डॉक्टर म्हणतो, काळजी करू नका, काळजीनं वाढतं," त्या सांगतात. "मग मी त्याचीच काळजी करते." किमचीचा दिवस जवळ आला की त्यांची खाज वाढते.

आज त्या सुती हातमोज्यांवर रबरी हातमोजे चढवून आल्या होत्या. आमच्यातल्या वडीलधाऱ्या बुनिमकाकू मोठ्यानं म्हणाल्या, "अगं बाई, तू कशाला! हात भाजतील तिखटानं. जा, उन्हात बस." मी तर उठून चटईच अंथरून दिली. मायेनं.

मग चव बघायची वेळ आली. ती आमच्याकडे आपल्या हातानं कुणी बघत नाही. पान दुमडून शेजारणीच्या तोंडात कोंबायचं.

"आ कर! अजून मोठा! नवऱ्यावर ओरडताना करतेस तसा!"

सगळ्यांचे ओठ लाल, नाकं वाहतायत, हसून हसून पुरेवाट. ताईंना मी बशीत घालून दिलं, वर खायच्या काड्या ठेवून. "छान झालंय," त्या म्हणाल्या.

तेव्हा मला काही वाटलं नाही. निघताना बोधिसत्त्वापुढे डोकं टेकलं आणि ती बशीच डोळ्यांसमोर आली.

"ताई, माझं चुकलं," शेवटी मी म्हटलं.

"काय चुकलं?"

"चटई टाकली ते."

"चटई चांगली होती गं. ऊबदार." त्या हसल्या. हसता हसता मनगट खाजवायला लागल्या. मी बघतेय हे दिसल्यावर हात बाहीत ओढून घेतला. "आई गेल्यापासून माझ्या तोंडात कुणी घास घातला नाही. एकोणीस वर्षं झाली. वाईट कुणीच बोलत नाही. बोललं असतं तर भांडले तरी असते. पुढच्या वर्षी मी येणार नाही."

मी त्यांच्या बरोबरीनं चालू लागले. पायांखाली पाचोळा वाजत राहिला. गावातली घरं दिसायला लागली तशा त्या थांबल्या.

"परवा घरी दोन कोबी घातलेत. दोन-दोन मोजे चढवून. आईच्या हाताला चव होती. माझ्या हाताला आहे की नाही, मला ठाऊकच नाही. माझं मीच खाऊन काय कळणार? तू आत्ता घरी चल. एक पान दुमडून तुझ्या तोंडात घालू दे. मोजा न घालता. नको वाटत असेल तर इथंच सांग, बाई. दारात आल्यावर सांगू नकोस."